भरपाई कोणाला? कॅलिफोर्नियातील वंशावळीच्या निकषाची पार्श्वभूमी

गुलामगिरीच्या भरपाईचा अभ्यास करण्यासाठी कॅलिफोर्निया राज्याने नेमलेल्या नऊ सदस्यांच्या कृती दलाने २९ मार्च २०२२ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी एक निर्णय घेतला. राज्य पुढे जी काही भरपाई देईल ती सरसकट सर्व कृष्णवर्णीय रहिवाशांना मिळणार नाही. अमेरिकेत गुलामगिरीत ठेवल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या, किंवा एकोणिसावे शतक संपण्यापूर्वी त्या देशात राहत असलेल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या वंशजांनाच ती मिळेल, असे ठरले. त्यानंतर राज्यात आलेल्या विधेयकांचा, राज्यपालांनी वापरलेल्या नकाराधिकारांचा आणि आजवर न मिटलेल्या वादाचा धागा या एका मताच्या फरकापाशी येऊन थांबतो. भरपाईची चर्चा एरवी रकमेभोवती फिरते, पण रक्कम कोणत्या अन्यायाची, हे ‘कोणाला’ या प्रश्नाच्या उत्तरातूनच ठरते.

जुन्या इतिहासातील एक बाब येथे नोंदवायला हवी. गुलामगिरी संपली तेव्हा भरपाई दिली गेली होती, मात्र ती मालकांना. ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने मळेवाल्यांना दोन कोटी पौंड दिले आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचा अखेरचा भाग सरकारी तिजोरीतून २०१५ मध्ये फिटला. स्वतःच्या बळावर मुक्त झालेल्या हैतीवर फ्रान्सने १८२५ मध्ये १५ कोटी फ्रँकचा बोजा लादला. अमेरिकेच्या राजधानीत एप्रिल १८६२ मध्ये गुलामगिरी रद्द झाली, तेव्हा संघराज्याशी एकनिष्ठ असलेल्या मालकांना मुक्त झालेल्या प्रत्येक व्यक्तीमागे ३०० डॉलरपर्यंत रक्कम मिळाली. मुक्त झालेल्यांसाठी त्या कायद्यात एकच तरतूद होती, ती म्हणजे देश सोडून जायला तयार असलेल्यांना १०० डॉलरपर्यंत साहाय्य. ‘इतक्या जुन्या नुकसानीचा हिशेब करता येत नाही’ हा आक्षेप आज वारंवार घेतला जातो. परंतु हिशेब त्या काळीच झाला होता, माणसागणिक झाला होता आणि चुकता करताना तो उलट्या दिशेने झाला होता, हे त्या आक्षेपाशेजारी ठेवून पाहायला हवे.

यादवी युद्धाच्या अखेरीस, जानेवारी १८६५ मध्ये, एका लष्करी आदेशान्वये दक्षिण कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनारपट्टीतील सुमारे चार लाख एकर जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवण्यात आली. प्रत्येक कुटुंबाला ४० एकरांपर्यंत जमीन मिळायची होती आणि सुमारे ४०,००० लोकांनी तेथे वस्ती करून शेती सुरू केली होती. त्याच वर्षी नव्या राष्ट्राध्यक्षांनी ती जमीन बहुतांशी जुन्या मालकांना परत केली. १८९० च्या दशकात टेनेसीतील एका विधवा धोबिणीने पूर्वाश्रमीच्या गुलामांना निवृत्तिवेतन मिळावे यासाठी देशव्यापी संघटना उभी केली. सरकारने तिच्यावर टपालातून फसवणूक केल्याचा खटला भरला आणि १९१७ मध्ये तिला तुरुंगात जावे लागले. न्यायालयात यश मिळाल्याचे एक विरळ उदाहरण १८७८ मधील आहे. मुक्त झाल्यानंतर पळवून नेऊन पुन्हा विकल्या गेलेल्या एका स्त्रीला सिनसिनाटी येथील ज्यूरीने २,५०० डॉलर मंजूर केले, कारण तिला आपल्या अपहरणकर्त्याकडे प्रत्यक्ष बोट दाखवता येत होते. पुढील सव्वाशे वर्षे न्यायालयांनी हीच अट कायम ठेवली. गुलामगिरीतून नफा कमावलेल्या कंपन्यांविरुद्धचे दावे २००० च्या दशकात शिकागोच्या संघीय न्यायालयात आले, तेव्हा पूर्वजांवर झालेला अन्याय हा वंशजांच्या दाव्याला पुरेसा आधार ठरत नाही, या मुख्य कारणावरून ते अडले.

न्यायालयाचे दार असे बंद राहिल्याने मागणी कायदेमंडळांकडे वळली. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांपैकी हयात असलेल्या प्रत्येकाला १९८८ च्या कायद्याने २०,००० डॉलर आणि राष्ट्राची क्षमायाचना मिळाली. पुढच्याच वर्षी, गुलामगिरीच्या भरपाईचा निदान अभ्यास तरी करावा असे सुचवणारे विधेयक संघीय कायदेमंडळात आले. ते त्यानंतर पुन्हा पुन्हा मांडले गेले, एप्रिल २०२१ मध्ये प्रथमच समितीच्या पातळीवर संमत झाले आणि तेथेच थांबले. पीडित हयात असणे आणि पीडितांचे वंशज हयात असणे यांत सरकारने केलेला भेद १९८८ च्या कायद्यामुळे ठळक झाला.

कॅलिफोर्नियाने या प्रश्नात का पडावे, असे तेथील अनेक करदाते विचारतात. १८५० मध्ये ते गुलामगिरीमुक्त राज्य म्हणूनच संघराज्यात सामील झाले होते, हे खरे आहे. पण सोन्याच्या खाणींसाठी दक्षिणेतून गुलाम आणले जात होते, आणि १८५२ च्या राज्य कायद्याने त्यांना ‘फरार’ ठरवून मालकाच्या ताब्यात देण्याची सोय केली. मिसिसिपीहून युटामार्गे लॉस एंजेलिस परिसरात आणलेल्या एका स्त्रीची हकिगत येथे बोलकी आहे. मालक तिला आणि इतर तेरा जणांना टेक्सासला नेऊ पाहत होता. १८५६ मध्ये प्रकरण न्यायाधीशांसमोर आले, तेव्हा गोऱ्या माणसाविरुद्ध कृष्णवर्णीयाची साक्ष चालणार नाही असा राज्याचा कायदा असल्याने तिला न्यायालयात बोलता आले नाही. न्यायाधीशांनी आपल्या दालनात तिचे म्हणणे ऐकले आणि चौदाही जणांना मुक्त ठरवले. साक्षीवरील ही बंदी १८६३ पर्यंत टिकली. ‘मुक्त राज्य’ या बिरुदाचा अर्थ इतपतच होता.

सप्टेंबर २०२० मध्ये कृती दल स्थापन करणारा कायदा झाला. त्याच्या मजकुरात कृष्णवर्णीयांच्या भरपाईचा अभ्यास करावा असे म्हटले होते आणि अमेरिकेत गुलामगिरीत ठेवलेल्यांच्या वंशजांचा ‘विशेष विचार’ व्हावा असेही होते. विशेष विचार म्हणजे प्राधान्य की केवळ त्यांचाच विचार, हे मजकुरावरून स्पष्ट होत नव्हते आणि कृती दलात पुढे जी फूट पडली तिचे मूळ या दुहेरी रचनेत होते.

वंशावळीच्या बाजूने मांडलेला सर्वांत वजनदार मुद्दा कायद्याचा होता. सरकारी नोकरी, शिक्षण आणि कंत्राटे यांत वंशाच्या आधारे प्राधान्य देण्यास कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९६ मध्ये बंदी घातली होती. ती उठवण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे कृती दलाचा कायदा होऊन जेमतेम महिना उलटल्यावर, सुमारे ५७ टक्के मतदारांनी फेटाळला. वर्णावर आधारलेली योजना पहिल्याच दाव्यात कोसळेल, तर ‘विशिष्ट अन्याय सोसलेल्या पूर्वजांचे वंशज’ ही व्याख्या वर्णाचा उल्लेख न करता टिकू शकेल, असा हा हिशेब होता. मूळ विधेयक मांडणाऱ्या लोकप्रतिनिधींनीही वंशावळीचाच आग्रह धरला. दुसरा मुद्दा नैतिक होता. स्वेच्छेने अमेरिकेत आलेल्या नायजेरियन किंवा इथिओपियन कुटुंबाचे दुःख वेगळे, आणि साखळदंडात आणल्या गेलेल्यांच्या वंशजांचे पिढ्यान् पिढ्यांचे वंचितपण वेगळे, असे या बाजूचे म्हणणे होते.

विरोधी चार मतांमागचा विचारही हलका नव्हता. पोलीस गाडी अडवतात किंवा बँक गृहकर्ज नाकारते तेव्हा कोणी आजोबा-पणजोबांची चौकशी करत नाही. कॅरिबियन बेटांतून आलेल्यांचे पूर्वजही गुलामच होते, फक्त त्यांचे मालक ब्रिटिश, फ्रेंच किंवा स्पॅनिश होते. शिवाय पुराव्याचे ओझे पुन्हा पीडितांच्याच डोक्यावर येईल, अशी भीती त्यांनी व्यक्त केली.

ही भीती किती खरी आहे, हे कागदपत्रांकडे पाहिले की कळते. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळी पत्रके होती. त्यांत मालकाचे नाव असे आणि त्याखाली वय, लिंग व वर्ण यांच्या ओळी. ‘वय ३४, स्त्री’ एवढीच नोंद असलेली ती स्त्री कोणाची आई, हे पत्रक सांगत नाही. मुक्त झालेल्या बहुतेक कुटुंबांची नावे संघीय जनगणनेत प्रथम आली ती १८७० मध्ये. त्यामुळे वंशावळ शोधणाऱ्यांची वाट बहुधा १८७० पाशी येऊन खुंटते आणि तेथून मागे जायचे तर मालकांची मृत्युपत्रे, गहाणखते आणि विक्रीचे दस्त धुंडाळावे लागतात. मुक्त झालेल्यांच्या बचतीसाठी १८६५ मध्ये स्थापन झालेल्या एका बँकेच्या खाते-नोंदवह्या हा त्यातल्या त्यात मायेचा आधार आहे, कारण खातेदाराचे जन्मस्थान, पूर्वीचा मालक, आई-वडील आणि भावंडे, अगदी विकली गेलेली भावंडेसुद्धा, अनेकदा त्यांत नोंदवलेली असतात. १८७४ मध्ये ती बँक बुडाली आणि गरिबांची पुंजी गेली. त्याच वह्या आज वंशजांच्या कामी येत आहेत. एकोणिसाव्या शतकाची अखेर ही सीमारेषा आणि ‘स्वतंत्र कृष्णवर्णीय’ हा जादा शब्दप्रयोग स्वीकारण्यामागे हेच कारण दिसते. कोणाचा पूर्वज १८६० मध्ये गुलाम होता आणि कोणाचा मुक्त, हे सिद्ध करण्यापेक्षा तो १९०० पूर्वी देशात होता हे दाखवणे पुष्कळ सोपे आहे. निकष कठोर दिसत असला, तरी त्याची आखणी करणाऱ्यांनी दार शक्य तितके रुंद ठेवले, हे श्रेय त्यांना द्यायला हवे.

अडचण खरी उभी राहिली ती आकडेमोडीत. जून २०२३ मध्ये सादर झालेल्या हजारहून अधिक पानांच्या अंतिम अहवालात अर्थतज्ज्ञांनी हानीचे मोजमाप राज्यातील वास्तव्याच्या वर्षांनुसार दिले. आरोग्यातील विषमतेसाठी दर वर्षामागे १३,६१९ डॉलर, १९७१ ते २०२० या काळातील अतिरेकी पोलीस कारवाई व तुरुंगवासासाठी वर्षामागे २,३५२ डॉलर, आणि १९३३ ते १९७७ या काळात गृहकर्जात झालेल्या भेदभावासाठी वर्षामागे ३,३६६ डॉलर. या तिन्ही हानी विसाव्या-एकविसाव्या शतकातील आहेत आणि त्या वर्ण पाहून केल्या गेल्या. पात्रता मात्र एकोणिसाव्या शतकातील पूर्वजावरून ठरते. १९५० मध्ये जमैकाहून लॉस एंजेलिसला आलेल्या कुटुंबाला शेजारच्या कुटुंबाइतकेच कर्ज नाकारले गेले असेल, तरी या रचनेत ते बसत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते अहवालातील ही सर्वांत मोठी विसंगती आहे, आणि प्रसारमाध्यमांनी मोठमोठ्या एकूण आकड्यांचा गाजावाजा केल्याने तिच्याकडे दुर्लक्ष झाले. अंतिम रक्कम ठरवण्याचे काम कृती दलाने कायदेमंडळावरच सोपवले होते.

इलिनॉयमधील एव्हन्स्टन शहराने नेमका दुसरा मार्ग घेतला होता. १९१९ ते १९६९ या काळात शहरात राहिलेल्या कृष्णवर्णीयांना आणि त्यांच्या थेट वंशजांना घरासाठी २५,००० डॉलर देण्याची योजना तेथे २०२१ मध्ये मंजूर झाली. हानी आणि पात्रता तेथे एकाच काळातील असल्याने हिशेब जुळतो, पण पात्रतेत वर्ण आल्यामुळे २०२४ मध्ये ती योजना समान संरक्षणाच्या घटनात्मक तत्त्वाखाली न्यायालयात खेचली गेली. एका बाजूला तर्काला धरून पण कायद्यात अडणारी व्याख्या, दुसऱ्या बाजूला कायद्यात टिकण्याची आशा असलेली पण तर्कात तुटणारी व्याख्या, अशी ही कोंडी आहे. भरपाईच्या काही कट्टर समर्थकांना दोन्ही अमान्य आहेत. गुलामगिरीला संरक्षण संघराज्याने दिले, तेव्हा देणेही संघराज्याचेच आहे, आणि शहरांच्या व राज्यांच्या तुटपुंज्या योजनांमुळे ते देणे विसरले जाईल, असे त्यांचे म्हणणे आहे. याउलट, आजच्या करदात्याने न केलेल्या अपराधाचे पैसे का भरावेत, हा प्रश्न बहुसंख्य अमेरिकनांना पटतो. २०२१ च्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणात वंशजांना भरपाई मिळावी असे ३० टक्के प्रौढांनी म्हटले; कृष्णवर्णीयांत हे प्रमाण ७७ टक्के आणि गोऱ्यांत १८ टक्के होते.

एका ठिकाणी मात्र वाद जवळजवळ उरला नाही. कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे एका कृष्णवर्णीय जोडप्याने १९१२ मध्ये समुद्रकिनारी जमीन घेऊन विश्रामगृह सुरू केले होते. गोऱ्या शेजाऱ्यांच्या विरोधामुळे नगर प्रशासनाने १९२० च्या दशकात उद्यानाच्या नावाखाली ती सक्तीने संपादित केली. २०२२ मध्ये ती त्यांच्या वारसांना परत मिळाली आणि पुढच्या वर्षी त्यांनी ती सुमारे दोन कोटी डॉलरना काउंटीला विकली. तेथे सातबारासारखी स्पष्ट कागदपत्रे होती, जमीन जागेवर होती आणि वारस ओळखता येत होते. ज्यांच्याकडून जमिनीऐवजी श्रम हिरावले गेले, त्यांच्याकडे असा कागद असणे शक्यच नव्हते.

सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने कायद्याद्वारे औपचारिक क्षमा मागितली. त्याच्या थोडेच आधी, वंशजांची पात्रता पडताळणारी स्वतंत्र यंत्रणा उभारण्याचे विधेयक सभागृहात मतदानालाच आले नाही. वंशद्वेषातून बळकावलेल्या मालमत्तांविषयीचे दुसरे विधेयक संमत झाले. पण ते राबवणारी यंत्रणाच अस्तित्वात नसल्याचे कारण देऊन राज्यपालांनी ते परत पाठवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये अशी यंत्रणा नागरी हक्क विभागात स्थापन करणारा कायदा अखेर झाला आणि वंशज असल्याची खातरजमा कशी करावी याची पद्धत ठरवण्याच्या संशोधनासाठी राज्य विद्यापीठाला ६० लाख डॉलरपर्यंत निधी देण्याचे ठरले. विद्यापीठ प्रवेशात वंशजांना प्राधान्य आणि राज्याच्या गृहकर्ज योजनेतील १० टक्के निधी त्यांच्यासाठी राखणे या दोन विधेयकांवर मात्र त्याच महिन्यात नकाराधिकार वापरला गेला. १८७० पूर्वीची नोंद न सापडलेल्या अर्जदाराचा दस्त राज्याने स्वतः शोधायचा की त्याने आणून द्यायचा, याचे उत्तर आता या संशोधनातून अपेक्षित आहे. ज्या राज्याच्या कायद्याने या माणसांची साक्षही अमान्य केली होती, त्याने शोधाचा खर्च आणि श्रम स्वतः उचलणेच न्याय्य ठरेल.