गटाची परीक्षा, पण गुण कोणाचे?

दूरस्थ शिक्षणात गटप्रकल्पाचं बहुतेक वेळा असं होतं. चौघांच्या नावावर एकच पीडीएफ जमा होते. त्यातली बरीचशी पानं एकीने रात्र जागून लिहिलेली असतात, दुसऱ्याने मुखपृष्ठ केलेलं असतं आणि उरलेले दोघं व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठा देऊन मोकळे झालेले असतात. गुण मात्र चौघांना सारखेच. यावरून मुलांना कामचुकार ठरवणं मला साफ चुकीचं वाटतं. दोष परीक्षेच्या रचनेत आहे.

फ्रान्समधले कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावून त्यांचं बळ मोजलं. १९१३ साली छापलेल्या त्यांच्या आकड्यांनुसार आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येकाचा जोर, तो एकटा असताना लावतो त्याच्या जेमतेम निम्म्यावर येतो. सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी लागत नाही, हे एक कारण. पण १९७४ साली अमेरिकेत हाच प्रयोग डोळे बांधून केला गेला. आपल्या मागे आणखी माणसं ओढताहेत असं त्या व्यक्तीला वाटत होतं. प्रत्यक्षात ती एकटीच ओढत होती. तरीही जोर कमी पडला. पुढे १९८१ साली मोठ्याने ओरडण्याचे प्रयोग झाले. त्यात प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय, हे समजल्यावर ढिलाई नाहीशी झाली.

म्हणजे माणूस गटात आहे म्हणून हात आखडत नाही. आपला वाटा कुणाला दिसत नाही, म्हणून आखडतो.

तो वाटा दाखवणारी सर्वांत सुंदर रचना मला दोन टप्प्यांच्या परीक्षेची वाटते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात ती चांगली रुळली आणि नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तिचा पुरस्कार केला. आधी प्रत्येकाने एकट्याने पेपर सोडवून द्यायचा. लगेच तोच पेपर, किंवा त्यातले अवघड प्रश्न, चौघांनी वाद घालून सोडवायचे आणि एकच उत्तरपत्रिका द्यायची. साधारण ८५ ते ९० टक्के गुण पहिल्या टप्प्याला, उरलेले गटाला. गटामुळे कुणाचे गुण घसरत असतील, तर त्याचे एकट्याचेच गुण धरायचे. ऑनलाइन हे अवघड नाही. पहिला टप्पा ठरल्या वेळी बंद होतो आणि मुलं छोट्या व्हिडिओ-खोल्यांत जातात. तिथे कुणीच कोरी पाटी घेऊन येत नाही, कारण प्रत्येकाने आपलं उत्तर आधीच दिलेलं असतं.

हुशार मुलगा उत्तर सांगतो आणि बाकीचे उतरवून घेतात, अशी शंका येईल. कोलोरॅडो विद्यापीठातल्या आनुवंशशास्त्राच्या वर्गात ती तपासली गेली. एका प्रश्नावर गटात चर्चा झाल्यावर मुलांना त्याच तत्त्वावरचा नवा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला, तर तोही चर्चेआधीपेक्षा जास्त जणांना जमला. चर्चेआधी गटात कुणालाच बरोबर उत्तर येत नसावं, अशा गटांतही प्रगती दिसली. २००९ साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत हे प्रसिद्ध झालं.

पण सगळ्यांना एकाच वेळी स्क्रीनसमोर आणणं प्रत्येक ठिकाणी जमणार नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं ते नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच. एक जण चाकणला रात्रपाळीत आणि दुसरी गडचिरोलीत रेंज मिळेल तेव्हाच ऑनलाइन, अशा गटाला एक तास नको, दोन-तीन दिवसांची मुदत हवी. सामायिक दस्तऐवजात कोणी काय आणि केव्हा लिहिलं, याची नोंद आपोआप राहते. तरी केवळ शब्द मोजू नयेत. फोनवर दुसऱ्याची चूक समजावून सांगणाऱ्याचं काम त्या नोंदीत दिसत नाही.

त्यासाठी सहकाऱ्यांचं मत घ्यावं लागतं. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात तयार झालेली ‘वेबपीए’ ही प्रणाली तेच करते. मुलं गोपनीयपणे एकमेकांच्या कामाला गुण देतात आणि त्यातून प्रत्येकाचा गुणक निघतो. गटाला ६० गुण मिळाले आणि एखादीचा गुणक १.१ आला, तर तिला ६६; ०.९ वाल्याला ५४. असं मत काम अर्ध्यावर असताना एकदा, बिनगुणांचं घ्यावं, असा माझा आग्रह आहे. मागे पडलेल्याला सावरायला वेळ मिळतो. आणि तो गप्प का होता, आळसाने की डेटा पॅक संपल्यामुळे, हेही शिक्षकाला वेळेवर विचारता येतं.