वृक्षासनात घोटा का थरथरतो?

साठी उलटलेली व्यक्ती वृक्षासन, म्हणजे एका पायावर उभे राहण्याचे आसन, करू लागली की जमिनीवर टेकलेल्या पायाचा घोटा थरथरू लागतो आणि करणाऱ्याला वाटते, आपल्याला हे आसन काही जमत नाही. वास्तविक त्या थरथरण्यातच आसनाचे खरे काम चाललेले असते. ताठ उभा असलेला माणूसही पूर्ण निश्चल कधीच नसतो. त्याचे शरीर किंचित पुढेमागे झुलत असते आणि पोटरीचे व नडगीचे स्नायू ते क्षणोक्षणी सावरत असतात. या अखंड सावरण्यालाच आपण तोल म्हणतो.

त्यासाठी मेंदूला डोळ्यांकडून, आतल्या कानाकडून आणि तळपाय, सांधे व स्नायू यांतील संवेदनातंतूंकडून माहिती मिळते. एक वाट बंद झाली तर उरलेल्या दोन भार उचलतात. पायांतील संवेदना हरपलेले रुग्ण डोळे उघडे ठेवून उभे राहू शकतात, मात्र डोळे मिटताच डोलू लागतात, असे 19व्या शतकात बर्लिनचे वैद्य रोमबर्ग यांनी नोंदवले. त्यांच्या नावाची ही तपासणी आजही केली जाते. उतारवयात तिन्ही वाटा मंदावतात आणि मधुमेह असेल तर तळपाय अधिकच बधिर होतात. त्यात स्नायूंमधील जलद आकसणारे तंतू जास्त झिजत असल्यामुळे ठेच लागल्यावर सावरणारे पाऊल वेळेत पुढे पडत नाही. रात्री दिवा न लावता बाथरूमकडे निघालेल्या वृद्धाला डोळ्यांचाही आधार उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6,84,000 माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत 60 वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते. जे वाचतात, त्यांतील अनेकांच्या खुब्याचे हाड मोडते. पुन्हा पडण्याच्या धास्तीने चालणे कमी होते, त्यामुळे पाय आणखी दुबळे होतात; हे दुष्टचक्र मला दुखापतीइतकेच घातक वाटते.

ताडासनात दोन्ही तळव्यांवर भार सारखा पडतो आहे का, हे अनवाणी उभे राहून जाणवून घ्यावे लागते, वृक्षासनात आधाराची जागा एका पावलाएवढीच उरते, तर वीरभद्रासनात लांब टाकलेल्या पावलावर शरीर पेलावे लागते. म्हातारपणी हे झेपेल का, या शंकेचे उत्तर पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी रुजवलेल्या पद्धतीत सापडते: भिंत, खुर्ची, पट्टा आणि लाकडी ठोकळे यांच्या आधाराने तेच आसन वृद्धांच्या आवाक्यात येते.

पुराव्याबाबत मात्र नेमके बोलले पाहिजे. साठीपुढील 307 व्यक्तींवरील सहा चाचण्यांच्या 2016 मधील आढाव्यात योगाभ्यासाने तोल आणि हालचाल सुधारल्याचे दिसले. परंतु तोल सुधारणे आणि पडणे कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकंदर व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटते, असे वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2019 च्या आढाव्यात आढळले आणि त्यातील भक्कम पुरावा तोल व रोजच्या हालचालींच्या व्यायामांचा होता. उभ्याने करायची आसने त्याच जातीची असल्याने त्यांच्याकडून आशा बाळगणे मला रास्त वाटते. शवासन आणि प्राणायाम यांच्यावर ती भिस्त ठेवता येणार नाही.

हाडे ठिसूळ झालेल्यांनी पाठ गोल करून पुढे वाकू नये आणि काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली जाणारी आसने टाळावीत. उठताना चक्कर येत असेल, तर रक्तदाबाच्या व झोपेच्या गोळ्यांविषयी आधी डॉक्टरांशी बोलावे. तोल आणि ताकद यांचा सराव आठवड्यातून किमान तीन दिवस करावा, अशी 65 वर्षांवरील व्यक्तींसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सुरुवातीला तो भिंतीपासून हातभर अंतरावर आणि घरात कोणी असताना करावा.