‘एपी’ची पार्श्वभूमी : शाळेतला अभ्यास महाविद्यालयाने किती मानायचा?

अमेरिकेतील हायस्कुलांमध्ये हिवाळा सरता सरता पुढील वर्षाच्या विषयनिवडीचे अर्ज भरून घेतले जातात आणि घरोघरी एकच चर्चा सुरू होते : ‘एपी’ म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटचे (शब्दशः, वरच्या वर्गात बसवण्याचे) किती विषय घ्यायचे, कोणते घ्यायचे आणि त्यातून महाविद्यालयाची किती क्रेडिट्स, म्हणजे पदवीसाठी लागणारे श्रेयांक, पदरात पडतील. न्यू जर्सीतील किंवा सान फ्रान्सिस्को परिसरातील मराठी कुटुंबांना ही चर्चा नवी नाही. अमेरिकेत पदवीसाठी जाऊ इच्छिणारे मुंबई-पुण्याचे काही विद्यार्थीही आपल्या अकरावी-बारावीच्या अभ्यासाच्या जोडीने या परीक्षा देतात. व्यवस्था वरवर पाहता साधी आहे. शाळेतच महाविद्यालयीन पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शिकायचा, मे महिन्यात कॉलेज बोर्ड या संस्थेची परीक्षा द्यायची आणि १ ते ५ यांपैकी मिळालेला गुण महाविद्यालयाकडे पाठवायचा. त्या गुणाचे पुढे काय करायचे, हे मात्र महाविद्यालय ठरवते. हा शेवटचा अधिकार कोणाचा, याच प्रश्नाभोवती या परीक्षांचा सत्तर वर्षांचा इतिहास फिरत आला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील नामवंत महाविद्यालये आपापली स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेत असत. एकाच शाळेतील चार विद्यार्थी चार महाविद्यालयांकडे निघाले, तर शाळेला चार निरनिराळ्या तयाऱ्या करून घ्याव्या लागत. हा गोंधळ मिटवण्यासाठी १९०० मध्ये कॉलेज एन्ट्रन्स एक्झामिनेशन बोर्ड (आजचे कॉलेज बोर्ड) स्थापन झाले आणि जून १९०१ मध्ये त्याची पहिली सामाईक परीक्षा ९७३ विद्यार्थ्यांनी दिली. परीक्षा सामाईक असली, तरी निकाल पाहून प्रवेश द्यायचा की नाही, हे प्रत्येक महाविद्यालयाने स्वतः ठरवायचे, अशी तडजोड त्या वेळी झाली होती. पुढे एपीच्या बाबतीत तीच जशीच्या तशी उचलली गेली.

एपीचा थेट उगम १९५१ च्या सुमाराचा आहे. कोरियाचे युद्ध सुरू होते आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणांवर सक्तीच्या लष्करभरतीची टांगती तलवार होती. फोर्ड फाउंडेशनने याच वर्षी शिक्षणविकासासाठी एक स्वतंत्र निधी उभारला. त्याच्या पहिल्या उपक्रमांपैकी एक असा होता, की सोळा वर्षांच्या आसपासच्या हुशार मुलांना शाळा पूर्ण होण्याआधीच महाविद्यालयात दाखल करून घ्यावे, म्हणजे लष्कराचे बोलावणे येण्यापूर्वी महाविद्यालयाची दोन वर्षे तरी त्यांच्या पदरात पडतील. येल, कोलंबिया, शिकागो आणि विस्कॉन्सिन या विद्यापीठांनी असे विद्यार्थी घेतले. विद्यापीठे समाधानी होती, पण शाळांच्या चालकांना ही योजना रुचली नाही. शाळेतली सर्वांत चमकदार मुले शेवटच्या दोन वर्षांत निघून गेली, तर मागे राहिलेल्या वर्गाचे आणि शिक्षकांचे काय, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मुलाला महाविद्यालयात पाठवण्याऐवजी महाविद्यालयाचा अभ्यासच शाळेत आणावा, ही कल्पना या नाराजीतून पुढे आली.

फोर्डच्या निधीने या कल्पनेचा विचार करण्यासाठी दोन गटांना पैसा दिला. पहिला गट फिलिप्स अँडोव्हर शाळेचे मुख्याध्यापक जॉन केम्पर यांच्या पुढाकाराने जमला. अँडोव्हर, एक्सेटर व लॉरेन्सव्हिल या तीन श्रीमंत निवासी शाळा आणि हार्वर्ड, प्रिन्स्टन व येल ही तीन विद्यापीठे त्यात होती. या शाळांतून या विद्यापीठांत गेलेल्या मुलांच्या अभ्यासाचा माग काढल्यावर त्यांच्या लक्षात आले, की शाळेच्या अखेरच्या वर्षात शिकलेलेच पुष्कळसे ज्ञान मुलांना विद्यापीठाच्या पहिल्या वर्षात पुन्हा शिकावे लागते आणि त्यामुळे चांगल्या विद्यार्थ्यांचा अभ्यासातला रस उडतो. गटाचा अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा संस्थांच्या अनुभवावरून साऱ्या देशासाठी शिफारस करण्याचे धाडस त्यात होते. एपीवर पुढे झालेल्या बहुतेक टीकेचे बीज या अरुंद पायातच आहे, असे मला वाटते.

दुसरा गट अधिक कामाचा ठरला. ओहायोतील केनियन महाविद्यालयाचे अध्यक्ष गॉर्डन चाल्मर्स यांनी एमआयटी, ब्राउन, ओबर्लिन, स्वार्थमोर, विल्यम्स यांसारखी बारा महाविद्यालये एकत्र आणली. फिलाडेल्फियातील सेंट्रल हायस्कूल या सरकारी शाळेचे प्रमुख विल्यम कॉर्नॉग यांच्याकडे कामाची सूत्रे देण्यात आली. महाविद्यालयीन प्राध्यापक आणि शाळाशिक्षक यांच्या विषयवार समित्या बसल्या व पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला नेमके काय यायला हवे, ते त्यांनी कागदावर उतरवले. आज ही गोष्ट साधी वाटते. परंतु ‘महाविद्यालयीन दर्जा’ म्हणजे काय, हे तोवर प्रत्येक प्राध्यापकापुरते होते आणि ते शाळाशिक्षकाच्या हाती देण्याजोगे लेखी रूपात कोठेच नव्हते. निवडक शाळांत हे अभ्यासक्रम शिकवून पाहिल्यावर १९५४ मध्ये एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने प्रायोगिक परीक्षा घेतली. ज्या मुलांनी हा अभ्यास शाळेत केला होता, त्यांची तुलना या महाविद्यालयांच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांशी करण्यात आली आणि शाळेतली मुले कमी पडली नाहीत.

१९५५ मध्ये हा सारा उपक्रम कॉलेज बोर्डाने आपल्याकडे घेतला. विल्यम्स महाविद्यालयाचे इतिहासाचे प्राध्यापक चार्ल्स केलर हे त्याचे पहिले संचालक झाले. मे १९५६ च्या पहिल्या नियमित परीक्षेला १०४ शाळांतून १,२२९ विद्यार्थी बसले आणि त्यांनी मिळून २,१९९ परीक्षा दिल्या. गुणांची १ ते ५ ही श्रेणी तेव्हापासूनची आहे. ३ म्हणजे ‘पात्र’ असा तिचा अर्थ लावला जातो, पण ही बोर्डाची शिफारस आहे, आदेश नाही. महाविद्यालय क्रेडिट देऊ शकते, क्रेडिट न देता नुसते वरच्या वर्गात बसू देऊ शकते, किंवा दोन्ही नाकारूही शकते. विषय निवडताना पालकांची गफलत बहुधा येथेच होते. वरच्या वर्गात बसायला मिळणे आणि पदवीचे क्रेडिट मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्यक्रमाच्या नावात यांपैकी पहिलीच तेवढी आहे.

त्याच १९५५ साली कनेक्टिकट विद्यापीठाने दुसरी वाट धरली. तेथील प्रोव्होस्ट (शैक्षणिक प्रमुख) अल्बर्ट वॉ यांच्या पुढाकाराने शाळेतील शिक्षकांनीच विद्यापीठाचा अभ्यासक्रम शिकवायचा आणि विद्यार्थ्याला थेट विद्यापीठाचे क्रेडिट द्यायचे, अशी पद्धत सुरू झाली. एका दिवसाच्या परीक्षेऐवजी वर्षभराच्या कामावर गुण देणारी ही पद्धत आज ‘ड्युअल एन्रोलमेंट’ म्हणून ओळखली जाते. १९८५ मध्ये मिनेसोटाने कायदा करून हायस्कूलच्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयाचे वर्ग सरकारी खर्चाने खुले केले आणि इतर राज्ये त्याच मार्गाने गेली. एपीच्या गाजावाजात ही समांतर परंपरा झाकली गेली, तरी विद्यार्थ्यांपुढील आजच्या निवडीत ती एपीची खरी प्रतिस्पर्धी आहे.

१९५७ मध्ये सोव्हिएत संघाचा स्पुटनिक उपग्रह अवकाशात गेला आणि हुशार मुलांना अधिक वेगाने पुढे न्यावे हे म्हणणे अमेरिकेत एकाएकी राष्ट्रीय कर्तव्य ठरले. एपीला त्याचा लाभ झाला. कॅल्क्युलसच्या (गणितातील कलनशास्त्राच्या) परीक्षेचे १९६९ मध्ये ‘एबी’ आणि त्याहून वरचा ‘बीसी’ असे दोन स्तर झाले व ते आजही कायम आहेत. तरीही पहिली वीस-पंचवीस वर्षे एपी मुख्यतः खासगी आणि सुस्थितीतील उपनगरी शाळांपुरतेच राहिले.

ही चौकट मोडली ती पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कूलमध्ये. ही गरीब आणि बहुतांश मेक्सिकन वंशाच्या वस्तीतील शाळा. बोलिव्हियातून आलेले गणिताचे शिक्षक हाइमे एस्कलांते १९७४ मध्ये तेथे रुजू झाले आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एपी कॅल्क्युलसचा वर्ग सुरू केला. १९८२ मध्ये त्यांचे अठरा विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण झाले. त्यांतील चौदा जणांच्या उत्तरांत सारख्या चुका आढळल्याने परीक्षा घेणाऱ्या संस्थेने नकलेचा संशय घेतला. बारा जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि बाराही जण पुन्हा उत्तीर्ण झाले. या घटनेवर चित्रपट निघाला आणि एका वर्षात चमत्कार घडवणारा शिक्षक अशी एस्कलांते यांची प्रतिमा घट्ट झाली. प्रत्यक्षात त्यांनी खालच्या इयत्तांपासून गणिताची साखळी नव्याने बांधली होती आणि शेजारच्या महाविद्यालयात उन्हाळी वर्ग चालवले होते. त्यांचे अनुकरण करणाऱ्या अनेक शाळांनी शेवटच्या वर्षाचा एपी वर्ग तेवढा उघडला आणि खालची साखळी तशीच सोडली.

गारफील्डनंतर एपीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. मूठभर मुलांच्या अभ्यासाची पुनरावृत्ती टाळण्यासाठी काढलेली सोय आता समान संधीचे माप झाली. १९९९ मध्ये अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने कॅलिफोर्निया राज्याविरुद्ध दावा दाखल केला. इंगलवूडसारख्या कृष्णवर्णीय व लॅटिनो वस्तीतील शाळांत एपीचे विषय नाममात्रच मिळतात, तर बेव्हर्ली हिल्समध्ये त्यांची रेलचेल आहे, हे त्या दाव्याचे सार होते. त्याच सुमारास केंद्र सरकारने गरीब विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क भरण्यासाठी राज्यांना अनुदान देण्यास सुरुवात केली.

दुसरीकडे प्रवेशाच्या स्पर्धेने एपीला वेगळेच मोल आणून दिले. कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८० च्या दशकात एपी आणि तत्सम विषयांच्या श्रेणीला एक वाढीव गुण द्यायला सुरुवात केली. साहजिकच विषय घेण्यातच लाभ दिसू लागला. परीक्षेत काय मिळाले याची वाट पाहण्याची गरजच उरली नाही, कारण प्रवेशाचे अर्ज शेवटच्या वर्षाच्या मे महिन्यातील परीक्षेआधीच निकाली निघालेले असतात. १९९८ मध्ये पत्रकार जे मॅथ्यूज यांनी शाळांची क्रमवारी मांडली, तीही विद्यार्थ्यांनी अशा परीक्षा किती दिल्या यावर, उत्तीर्ण किती झाले यावर नव्हे. गारफील्डची कहाणी मॅथ्यूज यांनीच विस्ताराने लिहिली होती, त्यामुळे त्यांचा हेतू समजण्यासारखा आहे : शाळांनी मुलांना परीक्षेपासून रोखू नये. परिणाम असा झाला, की क्रमवारीत वर चढण्यासाठी तयारी नसलेली मुलेही परीक्षेला बसवली जाऊ लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील सॉल गायझर आणि वेरोनिका सँतेलिसेस यांनी २००४ मध्ये दाखवले, की घेतलेल्या एपी विषयांच्या संख्येचा महाविद्यालयातील यशाशी फारसा संबंध नाही, परीक्षेतील गुणांचा मात्र आहे. सात-आठ विषयांचा हव्यास धरणाऱ्या पालकांनी हा निष्कर्ष भिंतीवर लावून ठेवायला हरकत नाही. एपीच्या नावाखाली काहीही शिकवले जाऊ नये म्हणून बोर्डाने २००७ पासून प्रत्येक शिक्षकाचा अभ्यासक्रम तपासून मंजुरी देण्यास आरंभ केला. तरीही वाढ थांबली नाही. २०१३ मध्ये सरकारी शाळांतून बाहेर पडलेल्या दहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी किमान एक एपी परीक्षा दिलेली होती.

विस्तार होत गेला तसे वरच्या दर्जाचे काही ग्राहक मागे सरले. डार्टमथ या नामवंत महाविद्यालयाच्या मानसशास्त्र विभागाने एपीत ५ गुण मिळवलेल्या शंभरावर विद्यार्थ्यांना आपल्या प्राथमिक अभ्यासक्रमाची संक्षिप्त परीक्षा दिली, तेव्हा सुमारे नव्वद टक्के नापास झाले. कॉलेज बोर्डाने या प्रयोगाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, पण २०१४ मध्ये प्रवेश घेणाऱ्यांपासून डार्टमथने एपीचे पदवी क्रेडिट बंद केले. वरच्या वर्गात बसण्याची सवलत तेवढी ठेवली. जून २०१८ मध्ये वॉशिंग्टन परिसरातील आठ खासगी शाळांनी २०२२ पर्यंत एपीचे विषय थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. ज्या प्रकारच्या शाळांसाठी एपी जन्मले, त्याच प्रकारच्या शाळांना ते आता आपल्या शिक्षकांच्या स्वातंत्र्याआड येणारे वाटू लागले होते.

राज्यांची विधिमंडळे नेमक्या उलट दिशेने निघाली. २०१५ च्या कायद्याने इलिनॉयने आपल्या सरकारी महाविद्यालयांना ३ किंवा अधिक गुणांवर क्रेडिट देणे बंधनकारक केले. शिक्षणशुल्काच्या ओझ्याखाली दबलेल्या मतदारांना हे हवेच होते. पण १९०० पासून महाविद्यालयांकडे असलेला अंतिम शब्द या कायद्याने काढून घेतला. अभ्यासक्रमातील मजकूरही राजकारणातून सुटला नाही. अमेरिकन इतिहासाच्या २०१४ मधील नव्या आराखड्यावर उजव्या गटांनी झोड उठवली आणि पुढच्याच वर्षी बोर्डाने तो बदलला. आफ्रिकन-अमेरिकन अभ्यास हा विषय फ्लोरिडाने जानेवारी २०२३ मध्ये नाकारला.

गुणांचे मापही स्थिर राहिलेले नाही. अलीकडे बोर्डाने अनेक विषयांची गुणश्रेणी नव्याने निश्चित केली. अमेरिकन इतिहासात ३ किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांचे प्रमाण २०२३ मधील सुमारे ४८ टक्क्यांवरून २०२४ मध्ये सुमारे ७२ टक्क्यांवर गेले. प्रत्यक्ष महाविद्यालयातील श्रेणींशी मेळ घालण्यासाठी हे केले, असे बोर्ड सांगते. ड्युअल एन्रोलमेंटमध्ये बहुसंख्य विद्यार्थी सहज उत्तीर्ण होतात आणि त्या स्पर्धेचा दाब बोर्डावर आहे, असे टीकाकार म्हणतात. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असण्यात मला अडचण दिसत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला या वादाची ओळख वेगळ्या वाटेने आहे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाणारा विद्यार्थी हीच सवलत अनेक वर्षे घेत आला आहे. फरक असा, की येथे ती सवलत शासनाच्या नियमाने ठरते आणि सर्व महाविद्यालयांना सारखी लागू होते. अमेरिकेत जाणाऱ्याला मात्र प्रत्येक विद्यापीठाचा क्रेडिटचा तक्ता स्वतंत्रपणे पाहावा लागतो, कारण कॅल्क्युलस बीसीतील ५ गुणांनी एका ठिकाणी दोन सत्रांचे गणित सुटते, दुसऱ्या ठिकाणी एका सत्राचे आणि तिसऱ्या ठिकाणी विभागाची स्वतःची परीक्षा दिल्याखेरीज काहीच सुटत नाही. शिवाय एपीच्या भाषाविषयांत फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन, इटालियन, लॅटिन, चिनी आणि जपानी आहेत, भारतीय भाषा एकही नाही. त्यामुळे शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत वर्षानुवर्षे गेलेल्या मुलालाही भाषेचे एपी हवे असल्यास स्पॅनिशसारख्या परक्या भाषेकडेच वळावे लागते.