आधी कमिट, मग ईमेल: पायथनमध्ये मेथडचा क्रम तपासण्याची पार्श्वभूमी

एखाद्या फंक्शनने आधी डेटाबेसमध्ये कमिट करायचं (बदल कायमचा नोंदवायचा) आणि मगच ईमेल पाठवायचा, अशी अट आहे. टेस्टमध्ये डीबी (डेटाबेस) आणि मेलर असे दोन मॉक, म्हणजे खऱ्याच्या जागी उभे केलेले नकली ऑब्जेक्ट, घेतले, दोघांवर ‘असर्ट_कॉल्ड_वन्स’ (एकदाच बोलावलं ना, ही तपासणी) लावलं, टेस्ट पास झाली. पुढे कोणी त्या दोन ओळींची अदलाबदल केली तरी टेस्ट पासच होत राहते. प्रत्येक मॉक फक्त स्वतःला आलेल्या कॉलची नोंद ठेवतो. शेजारच्या मॉकला कधी बोलावलं, याचा त्याला पत्ता नसतो.

स्टीव्ह पर्सेल यांचं पायुनिट हे टेस्ट लिहिण्याचं साधन २००१ मध्ये पायथन २.१ सोबत ‘युनिटटेस्ट’ या नावाने आलं. घडण जावातल्या जेयुनिट या टेस्टच्या साधनाची, भर सगळा उत्तरं तपासण्यावर: फंक्शनने काय परत दिलं, कोणतं एक्सेप्शन फेकलं. क्रम तपासायचा तर हाताने एक खोटा क्लास लिहायचा, त्याची प्रत्येक मेथड एका सामाईक लिस्टमध्ये आपलं नाव टाकणार, आणि शेवटी ती लिस्ट अपेक्षित लिस्टशी ताडून पाहायची. दोन-तीन मेथडचाच प्रश्न असेल तर आजही यापेक्षा वाचायला सोपी टेस्ट होत नाही.

मॉक ऑब्जेक्टची कल्पना टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी २००० मध्ये एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगच्या परिषदेत मांडली. जावात इझीमॉकने तिला ‘रेकॉर्ड, रिप्ले, व्हेरिफाय’ असं रूप दिलं, आणि गूगलच्या मॉक्स या लायब्ररीने तेच पायथनमध्ये आणलं. आधी अपेक्षित कॉल लिहून काढायचे, मग ‘रिप्लेऑल’, मग खरा कोड, शेवटी ‘व्हेरिफायऑल’. इथे एका मॉकपुरता क्रम आपोआप सक्तीचा होता. सैल करायचा तर ‘इनएनीऑर्डर’ असं मुद्दाम लिहावं लागे. परिणामी, ज्यांच्या क्रमाने काहीच बिघडत नाही अशा, नुसता डेटा वाचणाऱ्या दोन कॉलची जागा बदलली तरी टेस्ट फेल. शिवाय चुकीच्या कॉलचं एक्सेप्शन तपासल्या जाणाऱ्या कोडच्या आतच उठत असे. तिथे सगळंच पकडणारा ‘एक्सेप्ट’ असला की ते तिथेच गिळलं जाण्याचा धोका.

मायकेल फोर्ड यांच्या ‘मॉक’ लायब्ररीने उलट वाट धरली: आधी कोड चालवा, तपासणी नंतर. त्यामुळे क्रम ही सक्ती न राहता मागून विचारायचा प्रश्न झाला. २०१२ मधल्या ०.८ आवृत्तीत ‘मॉक_कॉल्स’ ही आलेल्या सगळ्या कॉलची लिस्ट आली, आणि त्याच वर्षी पेप ४१७ (पायथनमधल्या बदलाचा औपचारिक प्रस्ताव) द्वारे लायब्ररी पायथन ३.३ मध्ये ‘युनिटटेस्ट.मॉक’ म्हणून दाखल झाली.

वरच्या उदाहरणाचा उपाय याच रचनेत आहे. एक पालक मॉक घ्या आणि डीबी व मेलर त्याचीच अ‍ॅट्रिब्यूट म्हणून वापरा. अशा मूल (चाइल्ड) मॉकवरचा प्रत्येक कॉल पालकाच्या ‘मॉक_कॉल्स’मध्ये घडल्या क्रमाने नोंदला जातो, मग ती लिस्ट थेट ‘कॉल.डीबी.कमिट()’, ‘कॉल.मेलर.सेंड(...)’ अशा लिस्टशी ताडता येते. मात्र ‘पॅच’ने (खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी तात्पुरता मॉक बसवणाऱ्या सोयीने) बनवलेल्या मॉकला नाव असतं, आणि नाव असलेला मॉक पालकाला नुसता असाइन केला तर जोडला जात नाही. लिस्ट रिकामी राहते. तिथे ‘अटॅच_मॉक’ लागतं.

‘असर्ट_हॅज_कॉल्स’ ही दिलेले कॉल त्याच क्रमाने आले का हे पाहणारी तपासणी. मध्ये दुसरे कॉल आले तरी तिला चालतं, हा गैरसमज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात दिलेले कॉल सलग असावे लागतात. आधी किंवा नंतर जादा कॉल चालतात, मध्ये नाही. कमिट आणि सेंड यांच्यामध्ये डीबीवर एक साधा ‘क्लोज’ आला तरी टेस्ट फेल होते. ‘एनी_ऑर्डर’ ट्रू केलं की टेस्ट पास होईल, पण क्रमाची तपासणीच उरत नाही. मधले कॉल चालणार असतील तर ‘मॉक_कॉल्स’मधून दोन्हींचे इंडेक्स काढून तुलना करावी.

साखळी कॉलमध्ये, म्हणजे एका कॉलच्या उत्तरावरच पुढचा कॉल केला की, आणखी एक पळवाट आहे. ‘एफ(१).रन()’ आणि ‘एफ(२).रन()’ या नोंदींत आधीच्या कॉलचे आर्ग्युमेंट राहत नाहीत, म्हणून ‘रन’च्या दोन्ही नोंदी एकसारख्याच ठरतात. आर्ग्युमेंटची प्रतही ठेवली जात नाही, फक्त रेफरन्स: पाठवलेली लिस्ट कोडने नंतर रिकामी केली, तर नोंदीतही ती रिकामीच दिसते. अशा वेळी ‘साइड_इफेक्ट’मध्ये (मॉकला बोलावलं की चालणाऱ्या आपल्या फंक्शनमध्ये) स्वतः डीपकॉपी, म्हणजे आतपर्यंतची पूर्ण प्रत, करून ठेवावी लागते.

मॉक कोणतंही नाव निमूट स्वीकारतो, याचा फटका बरीच वर्षं बसला. पायथन ३.५ पासून ‘असर्ट’ने सुरू होणाऱ्या चुकीच्या नावावर अ‍ॅट्रिब्यूटएरर येऊ लागला. पण नुसतं ‘हॅज_कॉल्स’ लिहिलं, सुरुवातीचं ‘असर्ट_’ राहून गेलं, तर काहीही न तपासता टेस्ट पास होत असे. ती चूक पायथन ३.१२ पासून पकडली जाते. जुन्या आवृत्तीवरचा टेस्ट संच ३.१२ वर नेताना काही टेस्ट अचानक या एररने पडल्या, तर त्या ओळींनी आजवर काहीच तपासलेलं नव्हतं.