मिरची घातलेले नारळाचे आइस्क्रीम घरी करताना

आमच्या दुकानात सुकी मिरची, माडाचा गूळ आणि नारळाचा ताजा रस एकाच फळीवर असतो. तिन्ही एकत्र करून आइस्क्रीम होते असे सांगितले की काही ग्राहक दचकतात. पण सोलकढीत आपण नारळाच्या रसाला हिरवी मिरची लावतोच. तिखट आणि नारळ ही जोडी गोव्यातल्या जिभेला ओळखीची आहे, इथे ती फक्त गोठवायची आहे.

एक गोष्ट मात्र नीट सांभाळावी लागते. मिरची रसात मुरली पाहिजे, वरून भुरभुरायची नाही. मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. जाड रसात भरपूर चरबी असते, त्यामुळे तिखट त्यात सारखे पसरते. तिखटाची पूड नुसती ढवळून घातली तर एक घास सपक लागतो आणि पुढच्याला ठसका लागतो.

मिरची कोणती घ्यावी? आम्ही काणकोणातल्या खोला गावची सुचवतो. डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होणाऱ्या या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तिचा लाल रंग रसात फार देखणा उतरतो आणि तिखटही बेताचे असते. पेडण्याकडची हरमलची मिरचीही मानांकन मिळालेलीच. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करण्याच्या दिवसांत भरून ठेवलेली घरची मिरची असेल तर तीही चालेल, पण वास घेऊन पाहा. कुबट वास आला तर ती आइस्क्रीममध्ये लपत नाही.

दोन मोठे नारळ खोवा. खोबऱ्यात एक वाटी कोमट पाणी घालून मिक्सरमध्ये वाटा आणि पंच्यातून घट्ट पिळा. हा पहिला, जाड रस. साधारण ४०० मिली निघाला पाहिजे. नारळ कोवळा असेल तर कमी निघेल, मग तिसरा नारळ फोडा, पाणी वाढवू नका. पाणी जास्त झाले की आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होतात. त्याच चोथ्यात अर्धी वाटी पाणी घालून दुसरा रस काढा आणि वेगळा ठेवा.

चार सुक्या मिरच्या कात्रीने उभ्या चिरा. बिया काढाच, पण आतल्या पांढऱ्या शिरा जास्त काळजीने काढा. तिखटाचा खरा साठा बियांत नसून या शिरांतच असतो. मिरच्यांचे तुकडे जाड रसात घालून मंद आचेवर ठेवा. बोट जेमतेम टिकेल इतपत रस गरम झाला की आच बंद करून झाकण घाला आणि वीस मिनिटे मुरू द्या. उकळी येऊ देऊ नका. उकळीने रस फुटतो, तेल वेगळे होते आणि गोठल्यावर त्याचे कण मेणासारखे जिभेला चिकटतात. मग रस गाळून घ्या.

दुसऱ्या रसात एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, १०० ग्रॅम किसलेला माडाचा गूळ आणि चिमूटभर मीठ घालून घट्ट होईपर्यंत सतत ढवळत शिजवा. गुळात कचरा असू शकतो, तेव्हा तेही गाळा. कोमट झाले की मिरचीचा रस त्यात मिसळा. इथे गाईचे दूध घालू नका, गुळाने ते फाटण्याची भीती असते.

आता चवीचे. हे मिश्रण कोमट असताना चाखले तर गोड जास्त आणि तिखटही जास्त वाटेल. थंडीत गोडी दबते, आणि तिखट उशिरा कळते. याचे कारण आपल्या तोंडातच आहे. उष्णता आणि कॅप्सायसिन ही दोन्ही ओळखणारा पेशींवरचा ग्राहक-घटक (रिसेप्टर) एकच असतो. तो शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळाले. थंडगार घासात तो आधी शांत असतो, घास वितळून तोंड पुन्हा कोमट झाले की जागा होतो. आधी नारळ, मग गूळ, आणि शेवटी घशाशी हळूच मिरची, हा क्रम आम्हाला या पदार्थात सर्वात आवडतो. म्हणून बशी फ्रीजरमध्ये थंड करून तीवर चमचाभर मिश्रण गोठवा आणि मगच तिखट ठरवा.

मिश्रण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून पसरट स्टीलच्या डब्यात फ्रीजरला लावा. पाऊण-पाऊण तासाने तीन-चार वेळा काट्याने खरवडून ढवळा. हाताने फिरवायचे आइस्क्रीमचे भांडे असेल तर तीन भाग बर्फाला एक भाग खडे मीठ घ्या. मिठामुळे बर्फ शून्याच्या बराच खाली जातो. मोठ्यांसाठीच करत असाल तर शेवटी दोन लहान चमचे काजूची फेणी घाला. मद्य सहज गोठत नाही, त्यामुळे आइस्क्रीम दगडासारखे होत नाही.

लहान मुलांसाठी मिरची न घातलेला भाग आधीच वेगळा काढा. कोणाला तिखट झोंबले तर पाणी देऊ नका, दही किंवा दूध द्या. मिरची चिरल्यावर हातांना आधी थोडे खोबरेल चोळा, मग साबण लावा. तोवर डोळ्यांना हात लावू नका.

आठवडाभरात संपवा. पावसात वीज जाऊन पूर्ण वितळले तर पुन्हा गोठवू नका. रस काढायला वेळ नसेल तर आमच्याकडे सकाळी काढलेला मिळतो. कशासाठी हवा ते सांगा, म्हणजे पाणी कमी घालून देऊ, आणि तो त्याच दिवशी वापरा.