पार्श्वभूमी : हिरड्या, साखर आणि हृदय

हिरड्या बिघडल्या की बाकीचे शरीरही बिघडते, हे वाक्य आता दंतवैद्याच्या भिंतीवरच्या पोस्टरवर सर्रास दिसते. हे नव्याने कळले असे नाही. १९१० साली एका ब्रिटिश डॉक्टरने कॅनडातल्या भाषणात सडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढवणाऱ्या दंतवैद्यांची सालटी काढली होती. तोंडातला पू अंगात भिनतो आणि अनेक जुनाट दुखण्यांच्या मुळाशी तोच असतो, असे त्याचे म्हणणे. मग दोन-तीन दशके सांधे दुखले तरी दात काढ, वेड लागले तरी दात काढ, असा धडाकाच लागला. लोक बोळके झाले, सांधे दुखायचे ते दुखतच राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हा सिद्धान्त बासनात गेला आणि त्यातला खरा भागही त्याच्याबरोबर गेला.

पुढची काही दशके संशोधन तोंडापुरतेच राहिले. १९६५ साली डेन्मार्कमध्ये १२ निरोगी माणसांनी दात घासणे थांबवले. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे सुरू केल्यावर साधारण आठवड्यात सुधारल्या. दातावरचा थर हेच कारण, हे पक्के झाले. मग १९८६ साली श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरून वेगळीच माहिती आली. तिथल्या ४८० मजुरांना दंतवैद्य माहीतच नव्हता, सगळ्यांच्या दातांवर किटणाचे थर. पंधरा वर्षे पाहिल्यावर ८ टक्के लोकांचे दाताभोवतीचे हाड झपाट्याने झिजलेले, ८१ टक्क्यांचे मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांचा आजार हिरड्या सुजण्यापलीकडे गेलाच नव्हता. म्हणजे घाण सारखीच असली तरी शरीर तिला तोंड कसे देते, यावर बरेच ठरते.

१९८९ मध्ये फिनलंडमधून हृदयविकाराचा झटका आलेल्यांचे दात इतरांपेक्षा वाईट असल्याचा निष्कर्ष आला, १९९६ मध्ये मुदतपूर्व प्रसूतीशी संबंध जोडला गेला आणि जुना उत्साह परतला. २००६ च्या एका मोठ्या चाचणीत मात्र गरोदरपणी हिरड्यांवर उपचार करूनही मुदतपूर्व प्रसूती कमी झाल्या नाहीत. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी सांगितले की हिरड्यांचा आणि हृदयाचा आजार एकत्र आढळतात हे खरे, पण एकामुळे दुसरा होतो याला पुरावा नाही. पोस्टरवाल्यांनी यातला पहिला अर्धाच वाचला.

मधुमेहाचे तसे नाही. तिथे संबंध दोन्ही बाजूंनी दिसतो. साखर वाढली की हिरड्या लवकर खचतात आणि हिरड्यांवर उपचार केले की तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली साखर सांगणारा आकडा, सरासरी ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरतो. त्यामुळेच २०१७ साली हिरड्यांच्या आजाराचे वर्गीकरण नव्याने ठरले तेव्हा मधुमेहाला त्यात जागा मिळाली, हृदयाला मिळाली नाही.

या वर्गीकरणावर अजून वाद आहे. १९९९ पासून 'जुनाट' आणि 'आक्रमक' असे दोन आजार मानले जात. एकाच रुग्णाला दोन डॉक्टर दोन नावे देत, म्हणून ती विभागणीच मोडली. आता आजार एकच, त्याचे टप्पे चार आणि श्रेणी तीन. टप्पा म्हणजे नुकसान किती झाले, श्रेणी म्हणजे ते किती वेगाने होते आहे. क्ष-किरणात दाताभोवतीचे हाड किती टक्के गेले ते पाहायचे आणि त्याला वयाने भागायचे. चाळिशीच्या माणसाचे ५० टक्के हाड गेले असेल तर उत्तर १.२५. एकाच्या वर गेले की 'क', म्हणजे सर्वांत वाईट श्रेणी. एचबीएवनसी ७ किंवा अधिक असेल, किंवा रोज दहा सिगारेटी होत असतील, तरी श्रेणी 'क'पर्यंत ढकलली जाते. हिरडीत सळई घालून खोली मोजणाऱ्या डॉक्टरला आता रक्ताचा रिपोर्टही मागावा लागतो. ही सुधारणाच म्हणायची.

पण तंबाखू मोजायची ती फक्त सिगारेटीत! तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली मशेरी दिवसातून तीन-तीनदा बोटाने हिरड्यांना लावणाऱ्या कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या बाईसाठी या तक्त्यात रकानाच नाही. तिची हिरडी नेमकी मशेरी लागते तिथूनच मागे सरते आणि मुळे उघडी पडतात. भारतात १९९२ मध्ये मंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी आली, ती कोर्टातही टिकली. कायद्याचा हात कारखान्यापर्यंत पोचला. मशेरी घरच्या चुलीवरच भाजली जाते.