खोलीचा स्वभाव

यंत्रमाग कामगारांच्या मजुरीची बोलणी असोत की उजनी धरणातून पाणी सोडायच्या आवर्तनाची बैठक, सभागृहाचा थाट बहुतेक वेळा ठरलेलाच. समोर उंच मंच, त्यावर साहेब आणि पुढारी, खाली रांगेनं खुर्च्या. पायाखाली फरशी, डोक्यावर स्लॅब, बाजूला काचेच्या खिडक्या. बैठक फिसकटली की आपण माणसांचे स्वभाव काढतो. खोलीचा स्वभाव कुणी बघत नाही.

आधी आवाजाचं पाहू, खरी गोम तिथंच आहे. 12 मीटर लांब, 8 मीटर रुंद आणि 4 मीटर उंच खोली धरा. फरशी, प्लास्टर, काच आवाजाचा जेमतेम 5 टक्के भाग शोषतात, बाकीचा परत फेकतात. हार्वर्डच्या वॉलेस सबाइननं 1890च्या दशकात याचं गणित बसवायला घेतलं. खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त वेळ घुमतो आणि शोषण जितकं जास्त तितका तो लवकर विरतो. त्याच्या सूत्रानं आपली रिकामी खोली साधारण साडेतीन सेकंद घुमते. पंधरा जण येऊन बसले (माणूसही आवाज शोषतो) तरी अडीच सेकंद. बोलणं स्वच्छ ऐकू यायचं तर हा काळ सेकंदाच्या आत हवा. एक अक्षर उच्चारायला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, त्यामुळे आधीचं अक्षर विरायच्या आत पुढची कितीतरी त्यात मिसळतात.

मग माणूस आवाज चढवतो. गोंगाटात आपला आवाज आपोआप वाढतो, हे एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरनं 1911 मध्ये मांडलं होतं. समोरच्याला मात्र वाटतं, हा अंगावर आला. सोलापुरात तर एकाच टेबलाशी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरांतली माणसं बसतात. आपल्या भाषेतला निसटलेला शब्द डोकं अंदाजानं भरून काढतं. दुसऱ्या भाषेत ते तितकंसं साधत नाही, म्हणून घुमणाऱ्या खोलीचा त्रास सगळ्यांना सारखा होत नाही.

यावरचा उपाय शहरातल्याच मागांवर विणला जातो. जाड चादर किंवा टेरी टॉवेलच्या धाग्यांतून हवा ये-जा करते तेव्हा घर्षणानं आवाजाची ऊर्जा उष्णतेत बदलते. पण चादर भिंतीला चिकटवली तर फायदा कमी, कारण भिंतीलगत हवेच्या कणांना हलायला वावच नसतो. भिंतीपासून पाव तरंगलांबीवर, म्हणजे आवाजाच्या एका लाटेच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्यावर, ते सगळ्यात जास्त हलतात. 500 हर्ट्झच्या आवाजासाठी हे अंतर 17 सेंटिमीटर भरतं. तेवढी जागा सोडून चुण्या घालून कापड टांगलं की काम होतं.

बसण्याचंही शास्त्र आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या एका मनोरुग्णालयात 1950च्या दशकात हम्फ्री ऑसमंड आणि रॉबर्ट सॉमर यांनी कॅन्टीनमधली टेबलं निरखली. कोपऱ्याला काटकोनात बसलेल्यांत गप्पा सर्वाधिक होत्या, टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसलेल्यांत त्याहून कितीतरी कमी. पुढे सॉमरला असंही दिसलं की स्पर्धा करायची असेल तर लोक समोरची जागा पसंत करतात आणि मिळून काम करायचं असेल तर शेजारची. गावच्या पाराचं आपण फार कौतुक करतो, पण पारावर सगळ्यांची पाठ झाडाकडे आणि तोंडं बाहेर असतात. रस्त्यावरची मजा बघायला छान, वाटाघाटीला नाही.

टेबलाचा आकार म्हणजे क्षुल्लक बाब, असं वाटेल. व्हिएतनाम युद्ध थांबवण्यासाठी पॅरिसला जमलेले पक्ष 1968च्या अखेरीस यावरच कित्येक आठवडे अडून बसले. दक्षिणेतल्या बंडखोरांना स्वतंत्र बाजू म्हणून मान द्यायचा का, हा खरा वाद होता. जानेवारी 1969 मध्ये तोडगा निघाला: मध्ये एक गोल टेबल आणि समोरासमोर दोन बाजूंना दोन छोटी आयताकृती टेबलं. ज्यानं त्यानं आपल्याला हवा तो अर्थ काढला.

माझ्या मते मुख्य दालनापेक्षा त्याच्या आजूबाजूच्या जागा महत्त्वाच्या. 1978 मध्ये कॅम्प डेव्हिड या अमेरिकी अध्यक्षांच्या विश्रामस्थळी इजिप्तचे अध्यक्ष सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांच्या पहिल्या भेटींतच इतकं बिनसलं की नंतर दोघांना बहुतांशी वेगवेगळं ठेवावं लागलं. झाडीतल्या वेगवेगळ्या केबिन होत्या, म्हणून अमेरिकी अध्यक्ष कार्टर आणि त्यांची माणसं मसुदे घेऊन इकडून तिकडे जाऊ शकली. तेराव्या दिवशी करारावर सह्या झाल्या.

आपल्याकडे सभागृहातून बाहेर पडायचा दरवाजा बहुधा थेट कॅमेऱ्यांसमोर उघडतो. तिथं कुठला कामगार नेता किंवा मालक दोन पावलं मागे घेईल? प्रत्येक बाजूला आपसांत खलबत करायला एक छोटी खोली, तिला मागून वेगळा दरवाजा, आणि मध्ये दोघांनाही सहज जाता येईल अशी चहाची जागा. नव्या इमारतीच्या नकाशात एवढं बसवायला फारसा खर्च नाही. नकाशा काढतानाच कुणीतरी मागायला हवं.